गुरुवारची बापमंडळी

"लेकराची आई कुठंय?"

दवाखान्याच्या दारात स्टुलावर बसलेल्या आयाने हात आडवा केला, तसा छगन पायरीवरच थांबला. त्याच्या खांद्यावर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली तान्ही पोर होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. आता ती नुसतीच तोंड उघडून मिटत होती.

"आई न्हाई," छगन म्हणाला.

"न्हाई म्हंजी? कामाला गेली का?"

"वारली."

आयाचा हात खाली आला, पण ती स्टुलावरून उठली नाही. "मंग घरातली दुसरी कुनी बाई धाडायची, बाबा. आज गुरुवार. आत समद्या बाया पोरांना घिऊन बसल्यात. गड्यामानसाला आत कसं सोडू?"

छगनच्या घरात दुसरी बाई नव्हती. तो पायरीच्या कडेला उभा राहिला. आतून येणाऱ्या बाया त्याच्याकडे आणि खांद्यावरच्या गाठोड्याकडे बघत, पदर सावरत पुढे जात होत्या. एकजण तोंडाला पदर लावून हसलीही. शेवटी दवाखान्यातल्या नर्स दमयंतीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.

"काय पाजता हिला?"

"म्हशीचं दूध."

"पाणी घालून?"

"न्हाई बाई, निर्भेळ. समोर बसून काढून आनतो."

"तेच पचत नाही तिला. आत या."

"आत बाया हायेत..."

"बायांना मी सांगते. या तुम्ही."

ही सत्तर सालची गोष्ट. छगन श्रीरामपूरच्या मोंढ्यात मापाडी होता. शेतकऱ्यांनी आणलेली धान्याची पोती काट्यावर तोलायची आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्याचं काम. आवाज खणखणीत, हात स्थिर. चाळिशीला आला होता तरी लग्न झालेलं नव्हतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ गोरख अगदीच लहान होता. त्याला वाढवायचं, शाळेत घालायचं, शाळा सुटल्यावर कामाला लावायचं, मग त्याचं लग्न करून द्यायचं, या सगळ्यात छगनचं स्वतःचं लग्न मागे मागे पडत गेलं आणि पुढे कुणी विचारायचंही थांबलं.

गोरख ट्रकवर क्लीनर होता. त्याची बायको चांगुणा बाळंतपणानंतरच्या तापाने गेली, तेव्हा तो माल घेऊन इंदूरकडे गेलेला. निरोप पोचून तो परत येईपर्यंत सरण रचून झालं होतं. तेराव्यापर्यंत तो भिंतीला टेकून बसून राहिला. पोरगी रडली की उठून बाहेर जायचा. चौदाव्या दिवशी बाहेर गेला तो परत आलाच नाही. कुणी म्हणालं, मनमाडला दिसला. कुणी म्हणालं, सुरतेच्या गाडीवर चढला. छगनने काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांकडे चौकशी केली, मग सोडून दिली. पोरीचं नाव ठेवायचं राहिलं होतं. शेजारच्या राहीबाईंनी तिच्या कानात 'छबू' म्हटलं आणि घुगऱ्या वाटल्या.

त्या गुरुवारी दमयंतीबाईंनी छगनला बायांच्या घोळक्यात एका कोपऱ्यात बसवलं. दुधात पाणी किती घालायचं, बाटली कशी उकळायची, पाजून झाल्यावर पोर खांद्यावर घेऊन पाठ कशी थोपटायची, सगळं करून दाखवलं. छगन खाली मान घालून ऐकत होता. छबूने ढेकर दिली तेव्हा तो एवढा दचकला, की आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या. या वेळचं हसणं मात्र वेगळं होतं.

"पुढच्या गुरुवारी या," दमयंतीबाई म्हणाल्या.

तो आला. त्याच्या पुढच्याही आला.

दमयंतीबाई मूळच्या नगरच्या. वडील शाळामास्तर. बाईंना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्या फार बोलायच्या नाहीत, पण एकदा एखादी गोष्ट त्यांच्या लक्षात आली की ती सुटायची नाही. छगनला बघितल्यापासून त्यांच्या लक्षात यायला लागलं, की असे आणखीही पुरुष आहेत. ते पायरीपर्यंत यायचे, आतला बायांचा घोळका बघायचे आणि परत जायचे. राधाकृष्ण नावाचा एक शिंपी होता. त्याची बायको क्षयाच्या दवाखान्यात पडून होती आणि घरात दोन पोरं होती. रेल्वेच्या मालधक्क्यावर यज्ञेश्वर नावाचे कारकून होते. त्यांची बायको गेल्यापासून मुलगा धड जेवत नव्हता. बाईंनी डॉक्टरांना विचारून दवाखान्याचा मागचा व्हरांडा मागून घेतला आणि गुरुवारी संध्याकाळी, बायांची वेळ संपल्यावर, बापांची बैठक सुरू केली. ज्याला एकट्याने पोर वाढवायचंय त्याने यावं. बाप असो, आजा असो, मामा असो.

पहिल्या बैठकीला छगन आणि राधाकृष्ण असे दोघेच आले. यज्ञेश्वर समोरच्या लिंबाखाली सायकल धरून उभे होते. दमयंतीबाईंनी हाक मारली तर म्हणाले, "मी सहज थांबलोय." बैठक संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मोंढ्यात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. "लुगडं-मंडळ" असं हमालांनी नाव ठेवलं.

"काय छगनभाऊ, आज गुरुवार. हळदीकुंकू हाय का?"

छगन काट्यावरची नजर न काढता म्हणायचा, "हाय. तू बी ये. नाकात नथ घालून ये."

मग हसून सगळे कामाला लागायचे. पण छगनला ते लागायचं. एक-दोन गुरुवार तो गेला नाही. तिसऱ्या वेळी छबूला हगवण लागली आणि ती संध्याकाळपर्यंत मलूल झाली, तेव्हा तिला घेऊन तो पळतच दवाखान्यात गेला. दमयंतीबाईंनी साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला लावलं. पोर सावरली. त्यानंतर छगनने गुरुवार चुकवला नाही. हमालही हळूहळू थकले. त्यातल्याच एकाची बहीण नांदत्या घरून लेकरासकट परत आली, तेव्हा तोच छगनजवळ येऊन, इकडेतिकडे बघत, "पोराचा कान फुटलाय, तुमच्या त्या बाई बघत्यात का?" म्हणून विचारून गेला.

व्हरांड्यात तरट अंथरलेलं असायचं. पाच-सात माणसं जमायची, कधी त्याहून कमी. पोराला आंघोळ घालताना पाण्याचा अंदाज कोपराने घ्यायचा, नखं झोपेत काढायची, देवीची लस केव्हा टोचायची, असल्या गोष्टी बाई सांगायच्या. राधाकृष्ण फाटक्या कपड्यांची झबली बेतायला शिकवायचा. छबूचे केस वाढले तेव्हा छगनने मोंढ्यातल्या सुतळीचे तीन पदर खुंटीला बांधून वेणी घालायचा सराव केला. बैठकीत ती वेणी त्याने दाखवली, तेव्हा राधाकृष्ण म्हणाला, "पोत्याचं तोंड बांधलंय का पोरीचं डोकं?" बहात्तर सालात पाऊस गेला आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली. तिची भाकरी थापताना तुटायची. तेव्हा राहीबाईंना एक दिवस व्हरांड्यात बोलावलं गेलं. उकळत्या पाण्यात पीठ कसं भिजवायचं, हे त्यांनी सगळ्यांना करायला लावलं. आठ-दहा बाप्ये परातीभोवती बसून भाकरी थापतायत, हे दृश्य बघायला दवाखान्याची आया स्टूल सोडून आली.

सगळं काही शिकण्यासारखं नसायचं. यज्ञेश्वर लिंबाखालून व्हरांड्यात आले, तरी कितीतरी दिवस बोलत नव्हते. एका गुरुवारी सगळे उठायच्या बेतात असताना ते अचानक म्हणाले, "मुलगा झोपेतून उठून आईला हाका मारतो. तेव्हा काय म्हणायचं असतं?"

सगळे पुन्हा खाली बसले. दमयंतीबाईही.

राधाकृष्ण म्हणाला, "आमचा धाकटा बी मारतो. मी काय म्हनत न्हाई. दिवा लावतो अन् त्याच्याजवळ बसतो."

यज्ञेश्वरांनी मान हलवली. पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले. ते फार कडक झाले होते, तरी सगळ्यांनी खाल्ले.

छबू बोलायला लागली, तेव्हा छगनला 'आबा' म्हणू लागली. राधाकृष्णाने एकदा विचारलं, "आबा कशापायी? आजा हाईस का तू? दादा म्हनायला शिकीव. आमच्याकडं बापाला दादाच म्हनत्यात."

"आमच्याकडं बी दादाच," छगन म्हणाला. "पर तिला दादा हाय. ट्रकवर गेलाय."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गोरख आला.

छगन जेवायला घरी आला होता. दारात सावली पडली म्हणून त्याने वर बघितलं, तर इस्त्रीची पँट घातलेला, अंगाने भरलेला माणूस उभा. मागे हिरव्या लुगड्यातली एक बाई, हातात पत्र्याची पेटी. छबू छगनच्या ताटातला भाताचा गोळा चिवडत होती.

"भाऊ," गोरख म्हणाला आणि वाकून छगनच्या पायाला हात लावला.

छगनच्या हाताला भात लागलेला होता. त्याने तो हात तसाच वर धरून ठेवला. "हात-पाय धुवा. जेवून घ्या," एवढंच तो म्हणाला.

गोरख आता ड्रायव्हर झाला होता. नाशकात खोली होती. बरोबरची बाई लंकाबाई, त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरची बहीण. वर्षापूर्वी लग्न केलं होतं. जेवणं झाली, तरी गोरख मुद्द्याला येईना. शेवटी लंकाबाईच बोलल्या.

"भावजी, ह्यांनी मला आधी काय सांगितलं न्हाई. लग्न झाल्यावर लई दिसांनी बोलले, की गावाकडं पोरगी हाय. मी म्हनलं, तुमी लेकरू टाकून आलाव, ती पोर घरात आल्याबिगर मी पाळना बांधायची न्हाई. म्हनून आलोय. मी सावत्र हाय, खोटं कशाला बोलू? पर तिचं हाल करायची न्हाई."

छगनने तिच्याकडे बघितलं. बाई सरळ बोलत होती. तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

राहीबाई मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकून तरातरा आल्या. "वा रं वा! हगवन लागली, गोवर निघाला, तवा कुठं हुता तुमी? आता पोर चालायला-बोलायला लागली तर न्यायला आला व्हय? छगन, पोर द्यायची न्हाई. सांगून ठिवते."

"मावशी, मी बाप हाय तिचा," गोरख म्हणाला.

"ती तुला वळखती तरी का?"

गोरखने छबूकडे हात पुढे केले. ती छगनच्या पाठीमागे गेली आणि त्याच्या सदऱ्याचा शेव तोंडात घालून बघत राहिली.

छगनने हात मागे नेऊन छबूच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाला, "महिनाभर ऱ्हा हितं. मंग बघू."

"भाऊ, गाडी सोडून महिना..."

"ऱ्हा म्हनलं ना. अन् गुरुवारी माझ्यासंगं बैठकीला यायचं."

"कसल्या बैठकीला?"

"बापांच्या."

गोरख हसला. "बाप कसं व्हायचं त्ये शिकवत्यात का तिथं?"

"भाकरी थापायला शिकवत्यात," छगन म्हणाला. "चल तर खरं."

बैठकीत गोरखला पाय आखडून, कडेला बसावं लागलं. तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. राधाकृष्ण पहिल्यांदाच तडकला. "एवढी वर्सं कुठं हुता, पावनं?"

"राधाकृष्ण," दमयंतीबाई म्हणाल्या, "इथे येतो त्याला कुठे होतास म्हणून विचारायचं नाही. तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं."

 राधाकृष्णाची बायको आजारी पडल्यावर पहिल्या वर्षी तो कुठे कुठे पडून असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

गोरख त्या दिवशी काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. नंतरच्या गुरुवारी मात्र, बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललेलं असताना, तो एकदम म्हणाला, "मी पळालो त्ये खरं हाय. पर मी करनार तरी काय हुतो? मी पोचलो तवा सरन रचून झालं हुतं. पोरगी भावाच्या मांडीवर. दूध भावानं पाजलेलं, आंघोळ भावानं घातलेली. मला कुनी म्हनलं बी न्हाई, की घे हिला. ल्हानपनापासून माझं समदं भावानंच केलं. पितरांत बापाच्या नावाचं पान बी भावानंच मांडलं, मी नुसता बसलो. तसंच हे बी झालं. मला वाटलं, हितं माझी जागाच न्हाई."

 छगन तरटाचा एक धागा ओढत होता, तो ओढतच राहिला.

घरी जाताना छबू त्याच्या खांद्यावर झोपली होती. गोरख मागून चालत होता. छगनच्या डोक्यात भावाचं बोलणं घोळत होतं. गोरखच्या लग्नाची बोलणी त्याने केली, मुलगी त्याने पसंत केली, घरात मीठ-मिरची किती आणायची तेही तोच बघायचा. बाळंतिणीच्या खाटेजवळ तो होता. पोर उचलून त्याने कुणाच्या हातात दिली नाही, हे खरं होतं. द्यावी, असं त्याच्या मनात आलं नव्हतं. गोरख उठून बाहेर जायचा तेव्हा त्याला राग यायचा, पण आतल्या आत बरंही वाटायचं, की पोर आपल्याजवळ शांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने छबूची वेणी अर्धी घातली आणि थांबला. रिबन गोरखच्या हातात दिली. "राहिलेली तू घाल. मला उशीर व्हतोय. आज राहीबाईकडं ठिवू नका. तुमीच दोघं बघा."

उशीर झालेला नव्हता. मोंढ्याचं फाटकसुद्धा अजून उघडलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारच्या सुमाराला, छगन हरभऱ्याची पोती तोलत होता. एक हमाल धापा टाकत आला. "छगनभाऊ, तुमचा भाऊ पोरीला घिऊन दवाखान्याकडं पळत गेला. पायात चप्पल बी न्हाई. पोर लई रडती हुती."

छगनने काटा दुसऱ्या मापाड्याकडे सोपवला आणि निघाला. ऊन डोक्यावर होतं. काय झालं असेल, याचा विचार त्याने वाटेत केला नाही, करता आला नाही. दवाखान्याची आया त्याला बघून बाजूला झाली.

आत टेबलावर छबू बसली होती. एका बाजूने लंकाबाईंनी तिचे हात धरलेले. छबू किंचाळत होती. तिच्या उजव्या नाकपुडीत हरभऱ्याचा दाणा अडकला होता. लंकाबाई डाळीसाठी हरभरे निवडत असताना तिने खेळता खेळता तो आत ढकलला होता. लंकाबाईंनी बोट घालायचा प्रयत्न केला, तसा तो आणखी वर गेला.

"आबा!" छगनला बघताच छबूने हात सोडवून घेतले आणि त्याच्याकडे झेपावली.

दमयंतीबाई म्हणाल्या, "डॉक्टर बेलापूरला गेलेत. चिमट्याने काढायला गेले तर आत सरकेल, आणि ओला होऊन फुगला तर जास्तच त्रास. एक उपाय आहे. दुसरी नाकपुडी मी दाबते. एकाने हिच्या तोंडाला तोंड लावून जोरात फुंकर मारायची. दाणा बाहेर उडतो. पण पोरीने तोंड उघडायला पाहिजे. घाबरलीय ती, ह्यांना जवळ येऊ देत नाही. छगनराव, बरं झालं तुम्ही आलात. तुमचं ऐकेल ती."

गोरख टेबलाशी उभा होता. घामाने निथळत होता. पायाला काहीतरी कापलं होतं, फरशीवर रक्ताचे ठिपके होते. त्याने छगनकडे बघितलं आणि तो मागे सरकला. लहानपणी मार खायची वेळ आली की तो जसा मागे सरकून छगनला पुढे करायचा, तसाच.

छगनने छबूला जवळ घेतलं. ती त्याच्या गळ्याला घट्ट बिलगली. एका क्षणात होण्यासारखं काम होतं. त्याने तिचं तोंड पुसलं. मग तिला पुन्हा टेबलावर बसवून गोरखकडे वळवलं.

"छबे, हिकडं बघ. ह्यो तुझा दादा हाय. दादा फुंकर मारील. तोंड उघड."

"नको. आबा तू."

"मला न्हाई जमत, माझे बाय. पोती तोलून माझा दम गेलाय. दादाचा दम मोठा हाय. ट्रकचा हॉर्न वाजवतो त्यो. वाजीव रं."

गोरख टेबलाजवळ आला. मग त्याने गाल फुगवले आणि हॉर्नसारखा आवाज काढला. आवाज मधेच फाटला. छबूचं रडणं थबकलं. त्याने पुन्हा काढला, या वेळी लांबलचक, घाटातल्या गाडीसारखा. छबूचं तोंड नकळत उघडलं. दमयंतीबाईंनी बोटाने तिची डावी नाकपुडी दाबली. "मारा आता."

गोरखने तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. काही झालं नाही. छबू पुन्हा मुसमुसायला लागली. छगनचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो त्याने तिथेच घट्ट धरून ठेवला.

"पुन्हा," दमयंतीबाई म्हणाल्या. "भिऊ नका. पोटातून मारा."

दुसऱ्या फुंकरीला दाणा सुटला आणि गोरखच्या गालावर येऊन चिकटला. शेंबडाने माखलेला, फुगून टम्म झालेला. क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग छबूच आधी हसली. तिने बोटाने तो दाणा गोरखच्या गालावरून काढला आणि त्यालाच दाखवला.

गोरख खाली फरशीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. लंकाबाई त्याच्या पायाची जखम बघायला वाकल्या. छबू टेबलावरून वाकून त्याच्या डोक्याकडे कुतूहलाने बघत होती.

"दादा का रडतोय?" तिने विचारलं.

"दम लागलाय त्याला," छगन म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गोरख ओट्यावर बसला होता. पायाला पट्टी बांधलेली. छबू त्याच्या खांद्यावर झोपली होती. तिचा हात त्याच्या कॉलरमध्ये अडकला होता. छगनने सवयीने तिला घ्यायला हात पुढे केले. गोरखनेही सवयीने ती द्यायला खांदा पुढे केला. छगनने हात मागे घेतले.

"ऱ्हाऊ दे. झोपमोड व्हईल तिची," तो म्हणाला आणि हात-पाय धुवायला आत गेला.

महिना संपला, तरी ती दोघं आणखी काही दिवस राहिली. जाण्याच्या आदल्या दिवशी छगनने लंकाबाईंना सगळं सांगितलं. छबूला वांगं खपत नाही, अंगावर उठतं. खोकला झाला की आल्याचा रस मधातून. केस धुताना डोळ्यांवर हात धरावा लागतो, नाहीतर कांगावा करते. लंकाबाईंनी सगळं मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "भावजी, तुमी बी चला की नाशकाला. तिथं बी मोंढा हाय."

"तिथं मी आलो तर पुन्ना तेच व्हईल," छगन म्हणाला. तो काय म्हणतो हे लंकाबाईंना कळलं की नाही, कोण जाणे. गोरखला कळलं. तो उठून बाहेर गेला, पण या वेळी लगेच परत आला.

एस.टी. स्टँडवर राहीबाई आल्या होत्या, पदराने डोळे पुसत. कुणाशी न बोलता त्यांनी छबूच्या हातात गुळपापडीचा पुडा दिला. गाडी लागली तेव्हा छबू खिडकीत बसायला मिळणार म्हणून एवढी खुशीत होती, की तिला बाकी काही सुचत नव्हतं. "आबा, तू चढ ना!" ती एकदा म्हणाली. छगन म्हणाला, "तू हो म्होरं." गाडी हलली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून हात हलवत होती. तो हात नेमका कुणाला हलवतेय, ते सांगता येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी छगन घरीच बसला. राधाकृष्ण बोलवायला आला. "माझं आता काय काम तिथं?" छगन म्हणाला. राधाकृष्णाने वाद घातला नाही. दारातच बसून विडी ओढत राहिला. विडी संपल्यावर म्हणाला, "यज्ञेश्वररावांनी पुन्ना लाडू आनलेत म्हनं. एकट्यानं खायचं म्हंजी दाताचं मरन हाय." मग दोघे उठून गेले.

पावसाळा त्या वर्षी बरा झाला. दिवाळीनंतर मोंढ्यात पुन्हा गाड्यांची रांग लागली. एका सकाळी नेवाशाकडचा एक म्हातारा शेतकरी बाजरी घेऊन आला होता. आपला नंबर येईपर्यंत तो काट्याजवळ उकिडवा बसून गप्पा मारत होता. पाऊसपाणी झालं, भाव झाले. मग त्याने विचारलं, "पोरंबाळं किती तुमाला, मापाडी?"

शेजारचा हमाल छगनकडे बघायला लागला.

"एक पोरगी हाय," छगन म्हणाला. "नाशकाला असती. तिच्या आई-बापाकडं."

म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात हमालांनी पुढचं पोतं काट्यावर चढवलं. छगनने ते दोन्ही हातांनी मधोमध सारखं केलं, हात काढून घेतले आणि काटा स्थिर व्हायची वाट बघत उभा राहिला.